ठिपक्यांमधून हवा तो निष्कर्ष कसा काढावा

स्कॅटर प्लॉट, म्हणजे दोन गोष्टींचे आकडे ठिपक्यांनी मांडणारा आलेख, हाती पडला की आपण सर्वप्रथम त्यातून एक तिरकी रेघ ओढून घ्यावी. ठिपके नंतर पाहिले तरी चालतात, न पाहिल्यास उत्तमच. या विद्येचा नमुना हवा असल्यास २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला फ्रान्झ मेसरली यांचा मिस्कील लेख पाहावा. आडव्या अक्षावर दरडोई चॉकलेटचा खप, उभ्या अक्षावर दर कोटी लोकसंख्येमागे नोबेल मानकरी, असे २३ देश मांडल्यावर सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती एका रेघेत चालतात याचे माप; १ म्हणजे अगदी तंतोतंत) ०.७९१ निघाला. माणशी वर्षाला ०.४ किलो चॉकलेट वाढवले की कोटीमागे एक नोबेल पदरात, असा हिशेबही लेखात आहे. मिस्कीलपणाकडे आपण अर्थातच काणाडोळा करावा आणि थेट वाण्याकडे यादी पाठवावी.

खुद्द मानकऱ्यांनी किती चॉकलेट खाल्ले, हे मात्र विचारू नये, कारण ठिपका देशाच्या सरासरीचा आहे, माणसाचा नव्हे. श्रीमंत देशांना चॉकलेट आणि प्रयोगशाळा दोन्ही परवडतात, ही शंका मनात आल्यास ती तिथेच दाबावी. पारितोषिके १९०१ पासूनची आणि चॉकलेटचे आकडे अलीकडच्या मोजक्या वर्षांचे असल्यामुळे परिणाम आधी व कारण नंतर घडले आहे, पण एवढ्या बारकाव्यात कोण शिरतो? स्वीडन तेवढा रेघेपासून फारच वर गेला होता. त्याला वगळताच गुणांक ०.८६२ झाला. न ऐकणाऱ्या ठिपक्याला घराबाहेर काढण्याचे हे फळ!

याउलट, संबंध दिसूच नये अशी आपली इच्छा असेल, तर 'काहीच बिघडले नाही' असे सांगणारे शून्यावरचे ठिपके गाळावेत. जानेवारी १९८६ मध्ये, उड्डाणातच नष्ट झालेल्या 'चॅलेंजर' या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणापूर्वी ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी) आणि थंडी यांचा विचार करताना, रिंगांना इजा झालेली उड्डाणेच तेवढी तापमानानुसार ताडून पाहिली गेली. इजा थंडीतही होती, उबेतही होती, तेव्हा थंडीला दोष देता येईना. पुढे चौकशी आयोगाने अहवालात दोन्ही आलेख छापले, फक्त इजा झालेल्या उड्डाणांचा आणि सर्व उड्डाणांचा. त्याआधीची सर्व २४ उड्डाणे धरली, तर ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा होती आणि त्याच्या वरच्या वीसपैकी फक्त तिनांत. 'चॅलेंजर' ३६ अंशांना उडाले होते, आणि त्यात सात माणसे होती.