बॉक्सर खाली पडल्यावर काय करणार, ते आधी सांगा

माझा भाचा १९ वर्षांचा आहे. तीन वर्षं बॉक्सिंग करतोय, आणि डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, त्याचा खरंच सुरेख आहे. मागच्या आठवड्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, पुढच्या महिन्यात एमएमएची फाइट घेतोय. कुस्ती शिकायची गरजच नाही, हे वाच." एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवरची पकड, सगळं चालणारी लढत. यूएफसी ही अशा लढती भरवणारी संस्था.

मेसेजचं म्हणणं असं: बॉक्सर मेवेदरने एमएमएवाल्या मॅकग्रेगरला लोळवलं. बॉक्सर मोहम्मद अलीने जपानी पैलवान इनोकीला हरवलं. बॉक्सर रे मर्सरने यूएफसीच्या माजी चॅम्पियनला ९ सेकंदांत झोपवलं. बॉक्सर हॉली होमने यूएफसी चॅम्पियन रोंडा राउझीला संपवलं. आणि बॉक्सरला कोणी खाली पाडूच शकत नाही, कारण जवळ येईपर्यंत त्याचा ठोसा बसलेला असतो.

हे लिहिणाऱ्याला केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या रिंगणात, उतरायचं नाही. माझ्या भाच्याला उतरायचंय.

मेवेदरचं आधी घेतो, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. २६ ऑगस्ट २०१७ ला लास वेगासमध्ये झाली ती बॉक्सिंगची लढत होती, बॉक्सिंगच्या नियमांनी. लाथ नाही, पट (पाय धरून पाडणं) नाही, जमिनीवरचं काही नाही. तिथे बॉक्सर दहाव्या राउंडमध्ये जिंकला यात नवल कसलं? त्यावरून एमएमएबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अलीचं तर धडधडीत खोटं आहे. २६ जून १९७६ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये ती लढत १५ राउंड चालली आणि बरोबरीत सुटली. इनोकी जमिनीवर पाठ टेकून लाथा मारत राहिला, अलीला धड ठोसे मारता आले नाहीत, आणि लढतीनंतर त्याच्या पायांवर इलाज करावे लागले.

आता तो शेवटचा दावा, बॉक्सरला कोणी खाली पाडूच शकत नाही हा. पोरांची हाडं मोडतील ती याच वाक्यामुळे, म्हणून यावर सविस्तर.

जेम्स टोनी हे नाव त्या मेसेजमध्ये नाही, आणि का नाही ते उघड आहे. टोनी म्हणजे तीन वजनगटांत जगज्जेता झालेला बॉक्सर. ठोसा चुकवण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. २८ ऑगस्ट २०१० ला बॉस्टनमध्ये, यूएफसी ११८ ला, तो रँडी कुटूरसमोर उभा राहिला. कुटूर ४७ वर्षांचा, मूळचा ग्रीको-रोमन पैलवान. सुरुवातीलाच कुटूर गुडघ्यांत वाकला, पार खाली गेला, टोनीचा घोटा धरला आणि ओढला. आपल्याकडे तालमीत त्याला एकेरी पट म्हणतात. टोनी थेट पाठीवर. नंतर उठलाच नाही. पहिल्या राउंडच्या ३ मिनिटं १९ सेकंदांवर कुटूरने त्याची मान आणि हात एकत्र आवळले आणि टोनीने हाताने थोपटून हार मानली. आयुष्य ठोशांत घालवलेल्या माणसाला एकही कामाचा ठोसा मारता आला नाही. टोनीला जे जमलं नाही, ते तीन वर्षं शिकलेल्या पोराला जमेल?

असं का होतं, ते रविवारी मी भाच्याला घरीच दाखवलं. हॉलमधला टीपॉय सरकवला, दोन गाद्या टाकल्या. त्याला म्हटलं, मार जॅब, मी पट काढतो. मी तालीम सोडून वीस वर्षं झाली, गुडघेही पूर्वीचे राहिले नाहीत. तरी पहिल्या खेपेला तो खाली होता, दुसऱ्या खेपेलाही. लांबचा जॅब टाकताना पुढचा पाय पुढे पडतो आणि भार त्यावर येतो. पटाला नेमका तोच पाय हवा असतो. ठोसा माझ्या डोक्यावरून गेला, हात त्याच्या गुडघ्यामागे पोचला होता. त्याने माझी मान कवटाळली आणि थांबला. कशाला थांबला? कारण बॉक्सिंगमध्ये मिठी पडली की रेफरी सोडवायला येतो, ती त्याच्या अंगात मुरलेली सवय आहे. एमएमएत मिठी पडली की खरी लढत तिथून सुरू होते. आणि खाली पडल्यावर त्याने काय केलं? पाठ माझ्याकडे करून पालथा झाला. कुस्तीत हे चालतं, चीत होण्यापासून वाचायला आम्ही हेच करायचो. एमएमएत पाठ दिली की गळ्याखाली हात येतो. म्हणजे नुसत्या पैलवानालाही तिथे नव्याने शिकावंच लागतं, हेही मी त्याला सांगितलं.

मर्सरचं मात्र खरं आहे, मान्य करतो. जून २००९ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, त्याने टिम सिल्व्हियाला ९ सेकंदांत आडवं केलं. सिल्व्हियाने लाथ मारली आणि त्यावर मर्सरचा उजवा बसला. चार औंसाच्या ग्लोव्हमधून ऑलिंपिक सुवर्णविजेत्याचा ठोसा बसला तर कोणीही पडेल. पण दोनच वर्षं आधी, २००७ मध्ये, याच मर्सरचा गळा रस्त्यावरच्या मारामाऱ्यांनी गाजलेल्या किंबो स्लाइसने आवळला होता, तेही पहिल्याच राउंडमध्ये. मेसेजवाल्याने तेवढं बरोबर गाळलं.

आणि हॉली होम! १५ नोव्हेंबर २०१५, मेलबर्न. होम बॉक्सिंगची जगज्जेती होती हे खरं, तिच्या ठोशांनी राउझी बेजार झाली हेही खरं. पण राउझी पडली ती मानेवर बसलेल्या डाव्या लाथेने. होम २०११ पासून एमएमए लढत होती. ऑलिंपिकमध्ये ज्युडोचं कांस्य जिंकलेल्या राउझीच्या पकडीतून ती निसटत राहिली, कारण निसटायचं कसं हे ती वर्षानुवर्षं शिकली होती. हे उदाहरण मेसेजच्या बाजूचं नाहीच, माझ्या बाजूचं आहे.

क्लॅरेसा शील्ड्सचंही तसंच. २०१२ आणि २०१६, दोन ऑलिंपिक सुवर्णं, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अजिंक्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये एमएमएत अबिगेल माँतेसकडून हरली. शील्ड्सने कारण शोधत बसण्याऐवजी सराव केला आणि २०२४ मध्ये परत येऊन जिंकली.

भाच्याने अजून नाव मागे घेतलेलं नाही. रविवारी जाताना त्याने एवढंच विचारलं, "मामा, पाय धरल्यावर कंबर मागे कशी टाकायची ते परत दाखवशील?" पुढच्या रविवारी सकाळी सातला बोलावलंय. त्याआधी मला त्याचा फॉर्म भरून देणाऱ्या कोचना भेटायचंय आणि विचारायचंय की पाठीवर पडल्यावर उठायचं कसं, हे त्यांनी या पोराला एकदा तरी शिकवलंय का.