मघाशी नवीन होता, आता म्हणे वापरलेला

चार टायर. फक्त चार गोल काळे टायर बदलायचे होते ट्रेलरचे, म्हणजे पिकअपला जोडून कॅम्पिंगला न्यायच्या आमच्या चाकांवरच्या घराचे (इकडे आरव्ही म्हणतात), कुणाच्या पोरीचं लग्न जमवायचं नव्हतं. आज पाच आठवडे झाले. ट्रेलर तिकडे ह्यूस्टनजवळच्या केटीच्या स्टोरेज यार्डात चारी चाकं काढून जॅकस्टँडवर उभाय आणि मी इकडे गॅरेजमध्ये एक टायर समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसलोय, कारण आत गेलो की बायको विचारणार "झालं का हो?" आणि त्यावर माझ्या तोंडून जे बाहेर पडेल ते पोरांनी ऐकायच्या लायकीचं नसेल.

आजचंच आधी. मंगळवारी दुकानात फोन केलेला. साइज सांगितली, एसटी (म्हणजे खास ट्रेलरचा टायर) २३५/८० आर १६, लोड रेंज (म्हणजे वजन पेलायची ताकद) ई, चार आहेत का? आहेत सर. ताजे आहेत का? याच वर्षीचे सर. व्हॉल्व मेटलचे टाकाल ना, रबराचे नकोत, हवेचा दाब ८० पीएसआय असतो, साधा रबरी व्हॉल्व ६५ च्या वर चालत नाही. हो सर. ट्रेलरच घेऊन येऊ का? नो प्रॉब्लेम सर. बुधवारी अर्धी रजा टाकून ते तेहेतीस फुटी धूड त्यांच्या दारात नेलं, पिकअप धरून पन्नास फुटांची वरात, त्या पार्किंगमध्ये वळवताना एक बाई माझ्याकडे अशी बघत होती जशी काय मी तिच्या अंगणात म्हैस आणून बांधलीय, आणि तेवढ्यात आतून मॅनेजर हात हलवत पळत आला, नो नो नो, आरव्ही घेत नाही आम्ही, चाकं सुटी करून आणा. अरे पण मी फोनवर विचारलं होतं! तर म्हणे दुसऱ्या कुणाशी तरी बोलला असाल. दुसऱ्या कुणाशी म्हणजे? तुमच्या दुकानात भूत बसतं का फोनवर?

बरं. आणली सुटी करून. आज सकाळी सहाला यार्डात गेलो, ऊन चढायच्या आत. एक एक चाक तीस किलोचं, ह्यूस्टनची जूनची हवा, सात वाजता बनियन पिळून काढलं. अ‍ॅक्सलच्या नळीला जॅक लावायचा नाही, फ्रेमलाच लावायचा, त्यामुळे ट्रेलरखाली पालथं पडून अर्धा तास जागा शोधण्यात गेला. चारी चाकं पिकअपमध्ये टाकून दुकानात. काउंटरवर एक पंचविशीतलं पोरगं. "व्हॉट्स अप, बडी!"

बडी! मी बावन्न वर्षांचा आहे. माझा भाचा तुझ्यापेक्षा मोठाय. ते एक 'बडी' आणि एक 'यू आर गुड टु गो' हे दोन शब्द माझ्या इतके डोक्यात जातात की विचारू नका, ज्यांनी ज्यांनी मला गुड टु गो म्हणून दुकानाबाहेर घालवलंय त्यांच्याकडे मला आठवड्याच्या आत परत जायला लागलंय. तर हे पोरगं जुन्या टायरवर नाणं घालून बघतं आणि म्हणतं, ट्रेड, म्हणजे वरची नक्षी, तर भरपूर आहे, का बदलताय? मी म्हटलं बाबा, ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. ते हसलं. त्याला वाटलं जोक केला.

दोन तास त्या वेटिंग रूममध्ये, टीव्हीवर कोणीतरी कुणाचं तरी किचन तोडतंय आणि ती कॉफी, आमच्या आटपाडीच्या स्टँडवरचा दुपारचा उकळलेला चहा तिच्यापुढे अमृत. शेवटी हाक आली, ऑल सेट. चाकं गाडीत टाकली. आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, तारखा बघाव्या म्हटलं. तीन टायरवर ०८२४. म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा, छान. चौथ्यावर तारीख दिसेना. ते चार आकडे टायरच्या एकाच अंगाला असतात आणि यांनी बरोब्बर तेच अंग आतल्या बाजूला बसवलेलं. पिकअपच्या हौद्यात गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर, मोबाईलचा टॉर्च लावून आतल्या बाजूला बोट फिरवत फिरवत वाचलं. ३९२१.

२०२१ चा एकोणचाळिसावा आठवडा! पावणेतीन वर्षांचा टायर! आणि व्हॉल्व? चारीला रबराचे.

परत आत. इथून पुढचं संभाषण जसंच्या तसं सांगतो, एक शब्द पदरचा नाही.
"हा टायर २०२१ चा आहे."
"पण नवीन आहे, बडी. कधीच वापरलेला नाही."
"पावणेतीन वर्षं जुना आहे."
"हो, पण नवीन आहे."
"मग तो परत घ्या आणि दुसरा द्या."
"ते नाही जमणार. रिमवर चढवलाय ना, म्हणजे आता तो यूज्ड झाला."
"कोणी चढवला?"
"आम्ही."

आम्ही! म्हणजे मघाशी नवीन होता, तारीख विचारली तर नवीन, आणि परत घ्या म्हटलं की वापरलेला. कुठे वापरला रे? दुकानाच्या मशीनपासून माझ्या पिकअपपर्यंत, पंधरा पावलं, ती पण तुझा माणूस उचलून घेऊन आला! दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून मागच्या रांगेतली पिशवी काढणारी आपली जात, आणि पावणेतीन वर्षं कपाटात पडलेलं रबर मला ताजं म्हणून देतोय. टायर आहे का लोणचं आहे, मुरायला ठेवलं होतं?

मॅनेजर आला. तोच, हात हलवणारा. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाच मिनिटं टकटक केलं आणि मोठं मन करून वीस डॉलर कमी केले, व्हॉल्व बदलून दिले, आणि एक कूपन दिलं ऑइल चेंजचं. आणि मी घेतलं. हो, घेतलं! एवढा आवाज चढवून, अख्खं दुकान माझ्याकडे बघत असताना, शेवटी कूपन घडी घालून पाकिटात ठेवलं. चाकं काढलेला ट्रेलर यार्डात सोडून आलेल्या माणसाला मिजास परवडत नाही. आता हा २०२१ चा स्टेपनी होणार, कारण खाली टांगलेली जुनी स्टेपनी २०१८ ची आहे, आणि मला अजून एक टायर शोधायचाय. असल्या ट्रेलरचं नाव फिफ्थ व्हील आणि इथे चौथं मिळेना.

हे सगळं सुरू झालं मे महिन्यात. बिग बेंड नॅशनल पार्कहून परत येताना आय-१० हायवेवर, सोनोरा आणि जंक्शन या गावांच्या मधे, जिथे लिमिट ८० मैलांचं आहे आणि मी आपला ६२ ने उजव्या लेनमध्ये, ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जातायत, आणि धाड्. टायर नुसता फुटत नाही हो, फुटला असता तर परवडलं असतं, वरचा पट्टा सुटतो आणि चाबकासारखा फिरतो. मडगार्ड गेलं, खालचं प्लास्टिक फाटलं, ग्रे वॉटरचा पाइप तुटला आणि दोन दिवसांचं भांडी घासलेलं पाणी हायवेभर. तीन तास उन्हात. रोडसाइडवाला आला तर त्याचा जॅक पुरेना, खाली फळ्या माझ्याच. त्यात बायको म्हणाली, "तुम्ही तो टायरच्या हवेचा अलार्म घेतला होता ना?" घेतला होता. दोन वर्षांपूर्वी ब्लॅक फ्रायडेला. ड्रॉवरमध्ये आहे, खोक्यात, बॅटऱ्यांसकट.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी उरलेल्या टायरवरची तारीख वाचली. ०९१८. सहा वर्षं झालेली. सहा वर्षांत एकदाही वाकून बघितलं नव्हतं, नाणं घालून बघायचो. त्या काउंटरवरच्या पोरासारखं.

मग काय, पेटलो. एक्सेल शीट उघडली. सतरा कॉलम. ज्याला विचारावं त्याचं वेगळंच. एक गट म्हणतो गुडइयरचा एन्ड्युरन्स घे, अमेरिकेत बनतो, डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो सेलुन कंपनीचा चौदा प्लायचा, म्हणजे अजून दणकट, घे, आणि हेच लोक पाच मिनिटांपूर्वी चिनी टायर म्हणजे चायना बॉम्ब म्हणून बोंबलत होते, तर म्हणे हा चिनी वेगळा. तिसरा गट सगळ्यात वाईट, एलटीवाले, म्हणजे लाइट ट्रकच्या टायरवाले, एसटी म्हणजे कचरा, ट्रकचेच टायर लाव, मी तीस वर्षं लावतोय. अरे पण आकडे बघ ना! एसटी ई या साइजला ३५२० पौंड उचलतो, एलटी २३५/८५ ई ३०४२, चार मिळून १२१६८, माझ्या दोन्ही अ‍ॅक्सलची मिळून मर्यादा १२०००, म्हणजे वर उरतात १६८ पौंड, आमच्याकडच्या पाहुण्यातलं एक बसलं की संपलं. बरं चौदा प्लायवर जावं तर तो ११० पीएसआयवाला, आणि माझ्या रिमच्या मागे ८० चा शिक्का. शेजारच्या लॉटमधला म्हातारा म्हणतो नायट्रोजन भर, सगळे प्रॉब्लेम जातील. आजोबा, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट.

मग कुणीतरी शहाण्याने विचारलं, वजन केलंयस का कधी? नव्हतं केलं. सहा वर्षांत ते पण नव्हतं केलं! गेलो ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर. दोन्ही अ‍ॅक्सल मिळून १२२६०. मर्यादेच्या वर. सहा वर्षं मी टायर कंपन्यांच्या नावाने खडे फोडतोय आणि माझाच हिशोब दोनशे साठ पौंडांनी चुकलेला.

घरी येऊन ट्रेलर रिकामा केला. काय काय निघालं? वेट ग्राइंडर, दगडाचा. तीन कुकर. वीस पौंडी तांदळाची पिशवी, तिच्यामागे अजून एक, ती कधीची देव जाणे. बिडाचे दोन तवे, कारण एकावर म्हणे घावन चांगलं होतं. बायकोकडे बघायला लागलो तर तिने शांतपणे टूलबॉक्सकडे बोट केलं, मग मी गप्प. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाणी. साठ गॅलनची टाकी, मी कायम काठोकाठ भरून निघतो. साठ गॅलन म्हणजे पाचशे पौंड. जिथे जातो त्या प्रत्येक कॅम्पग्राउंडला नळ आहे, साइटवर, हातभर अंतरावर, चोवीस तास पाणी! तरी मी निघताना भरतो. आटपाडीचा माणूस आहे, लहानपणी टँकर आला की घरातली वाटी सुद्धा भरून ठेवायचो, नळ दिसला की हात आपोआप पाइपकडे जातो, ते काय टेक्सासला येऊन सुटतं?

पण म्हणून मला २०२१ चा टायर द्यायचा का? नाही ना! माझं वजन जास्त, मान्य, पाणी ओतलं, ग्राइंडर काढला, आता ११७०० च्या आत बसतंय. तुमची तारीख कधी आत बसणार? आणि ज्या डीलरने हा ट्रेलर विकला त्याने "टायर एकदम टॉप क्लास" म्हणून विकला होता, ते मी विसरलेलो नाही. त्याने मला सोफ्याच्या कुशनचे रंग पाऊण तास दाखवले. दोन टन माल कुठे कुठे ठेवाल ते कपाट उघडून उघडून दाखवलं. टायरकडे बोट सुद्धा नाही केलं.

संध्याकाळी सांगलीहून तात्यांचा फोन. तिकडे पहाटेचे साडेपाच, म्हशीचं दूध काढून झालेलं. त्यांना सगळी कहाणी सांगितली, लोड रेंज, तारीख, सगळं, मोठ्या तावात. तात्यांनी उभं आयुष्य ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घातला, रिमोल्ड टायरवर, टायरचं पोट फुगून मासा झालेला असायचा, आणि एकदा पण पट्टा सुटला नाही.

"तात्या, तुमचे टायर का नाही फुटायचे हो?"
"आरं, आमी पंधराच्या स्पीडनं जायाचो. मागनं समदी शिव्या घालायची. तू किती जातूस?"
"बासष्ट मैल. म्हणजे शंभर किलोमीटर."
"मग हळू जा की."

पाच आठवडे, सतरा कॉलम.

मग म्हणाले, "जुनी टायरं काय केलीस? फुटकं सोड, बाकीची तीन? बैलगाडीला चालली असती."
"दुकानातच टाकली तात्या. नेऊन टाकायचे पाच-पाच डॉलर घेतात."
"देत्यात व्हय?"
"देत नाहीत, घेतात. आपण द्यायचे."

बराच वेळ नुसती म्हैस ऐकू येत होती.

"पैसं देऊन टायरं दिलीस?" तात्या म्हणाले. "हिकडं कुणाला सांगू नगंस."