तेलकट पिशवीचा जपान दौरा

जपानहून येऊन चार दिवस झाले, तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून ‘कचराशेठ’च आहे. शेठ म्हणजे अस्मादिक.

नारिता विमानतळावर सकाळी उतरलो. बोटांचे ठसे, फोटो, क्यूआर कोड, सगळं बिनबोभाट पार पडलं. स्कायलायनर ट्रेनने पाऊण तासात टोकियोतलं उएनो. हॉटेलात बॅगा टाकल्या. खोली मात्र दुपारी ३ ला मिळेल, हे काउंटरवरच्या मुलीने इतकं वाकून सांगितलं की भांडायचं राहूनच गेलं. घड्याळात १० वाजले होते, पोटात साडेसहा.

उएनो पार्कात सायगो ताकामोरीचा पुतळा आहे. एवढा मोठा लढवय्या, पण उभा आहे कुत्र्याला फिरवायला निघाल्यासारखा. त्याच्या पुढच्या एका बाकावर आम्ही चौघांनी तिखटमिठाच्या पुऱ्या सोडल्या. ताईने मराठी पेपरात बांधून दिलेल्या. सोबत लोणचं, वर केळी, वर बाटलीतला कडू हिरवा चहा.

"पिशवी दोन मिनिटं धर, मी कचराकुंडी बघतो," असं म्हणून आमचा स्वयंघोषित टूर मॅनेजर गेला आणि पुतळ्याच्या कुत्र्यासोबत सेल्फी काढत बसला. बाकीचे दोघं मोबाइलमध्ये. तिकिटं मी काढली, व्हिसाच्या फायली मी लावल्या, आता सालंही मीच सांभाळायची.

आणि कुंडी कुठेच नाही! १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या मेट्रोत सरिन नावाचा विषारी वायू सोडून हल्ला झाला, तेव्हापासून कचऱ्याचे डबे काढत गेले. लोक आपला कचरा घरी नेतात. आमचं घर बोरिवलीत. पेयांच्या मशीनशेजारी गोल भोकांचा डबा दिसला, पण तो फक्त बाटल्या आणि कॅनसाठी. बाटल्या गेल्या. साल बसतंय का म्हणून अंदाज घेत होतो, तेवढ्यात मागे एक बाई येऊन शिस्तीत रांगेत उभी राहिली.

सांगायला लाज वाटते, पण शेवटी पिशवी एका बाकाखाली ठेवली आणि काहीच झालं नाही अशा चालीने सटकलो.

"सुमिमासेन! सुमिमासेन!"

मागे वळलो तर पंचाहत्तरीचे एक आजोबा. डोक्यावर बादलीसारखी टोपी, आणि माझी पिशवी दोन्ही हातांवर, सत्यनारायणाचा प्रसाद आणावा तशी. धावून धावून धाप लागलेली. "वासुरेमोनो," ते म्हणाले. म्हणजे विसरलेली वस्तू, हे नंतर कळलं.

"नो, नो. नॉट माईन." मी बेधडक खोटं बोललो.

आजोबा विचारात पडले. पिशवीतून पेपर काढला, मांडीवर ठेवून हाताने सरळ केला. वधू-वर सूचकाचं पान. ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’वर तेलाचा गोल डाग. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं, मग माझ्या टी-शर्टकडे बोट केलं. छातीवर ‘जय महाराष्ट्र’. अक्षरं जुळली. पुरावा पक्का. मग त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी पुटपुटलं आणि त्यातली बाई इंग्रजीत म्हणाली, "इज धिस अ लेटर फ्रॉम युवर फॅमिली?"

काय सांगणार? "येस," मी म्हणालो.

आजोबांचा चेहरा असा उजळला! पत्राची व्यवस्थित घडी घालून त्यांनी सालांवर ठेवली आणि वाकले. मीही वाकलो. ते अजून खाली वाकले. तिसऱ्या वाकण्यात पिशवीतलं लोणच्याचं तेल माझ्या नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटावर ओघळलं. मॅनेजरच्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. कुंडी सापडली नाही, हे मात्र बरोबर सापडलं. त्यातून एकानेही, एकानेही, "आण इकडे, मी धरतो" म्हटलं नाही.

३ वाजेपर्यंत ते कौटुंबिक पत्र घेऊन मी टोकियो पाहिलं. शिनोबाझु तळ्यातली कमळं पाहिली, ती डाव्या हाताने नाक धरून. मेट्रोत सगळे गप्प बसलेले. त्या शांततेत लोणच्याच्या वासाला काय रंग चढतो, ते सांगत नाही. शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

खोलीत शिरल्या शिरल्या टेबलाखालच्या तांब्याएवढ्या डब्यात मी ती पिशवी पाय देऊन दाबली. वर आलेली सालं पुन्हा दाबली. आंघोळ करून बाहेर आलो, तर मॅनेजर बॅग उपसत होता.

"अरे, त्या पिशवीत माझी लोणच्याची दुसरी पुडी होती. न फोडलेली. काढून ठेवलीस ना?"