'सायकी'चा गाभा, सोनं आणि किमतीचा हिशेब

'मंगळ-गुरूमधला 16 सायकी हा लघुग्रह म्हणजे फुटलेल्या ग्रहाचा लोखंडी गाभा, त्यात सोनं खच्चून भरलंय, किंमत 1 वर 19 शून्यं इतके डॉलर, आणि नासाचं यान ते आणायला निघालंय' असा मजकूर सगळीकडे फिरतोय. एकेक मुद्दा तपासू.

'अख्खा लोखंडाचा.' नाही. सायकीची घनता घनसेंटिमीटरला साधारण 4 ग्रॅम येते. लोह-निकेलच्या अशनींची (पृथ्वीवर येऊन पडलेल्या अवकाशातल्या दगडांची) पावणेआठच्या पुढे. म्हणजे तो शुद्ध धातूचा असेल तर निम्मा पोकळ हवा. वितळून थिजलेल्या गाभ्यात इतकी पोकळी राहत नाही. तो फुटून तुकडे पुन्हा गोळा झाले असं मानलं, तरी सव्वादोनशे किलोमीटरच्या पिंडात निम्मी जागा रिकामी कशी टिकली, हे सांगावं लागतं. त्यापेक्षा धातू आणि खडक यांचं मिश्रण सोपं पडतं; धातू आकारमानाच्या 30 ते 60 टक्के.

मग हा समज आला कुठून? घनता वस्तुमान आणि आकारावरून निघते. वस्तुमान इतर लघुग्रहांना बसणाऱ्या अगदी बारीक ओढीवरून काढतात. व्यासातली 5 टक्के चूक घनतेत 15 टक्के होते. 2002 च्या एका मोजणीत घनता 7 च्या जवळ आली होती. रडारलाही तो धातूसारखा चांगलाच चमकदार दिसतो. पण वर्णपटात (त्याच्यावरून येणारा प्रकाश रंगांत फोडून पाहिला तर) पायरॉक्सिन या खडकाळ खनिजाची खूण आहे आणि हायड्रॉक्सिल या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचीही.

'फुटलेल्या ग्रहाचा.' मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या आख्ख्या पट्ट्याचं वस्तुमान चंद्राच्या 3 टक्क्यांच्या आसपास. ग्रह नव्हे, फार तर एखादं लहान ग्रहबीज, म्हणजे ग्रह बनण्याआधीचा पिंड. त्यातही अडचण आहे: साल सोलली गेली असेल, तर प्रावरणाचे (गाभ्याभोवतीच्या खडकाळ थराचे) ऑलिविन हे खनिज असलेले तुकडे पट्ट्यात भरपूर सापडायला हवेत. ते सापडत नाहीत. म्हणून दुसरी शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते, की हा कधी पूर्ण वितळलाच नाही, मुळातच धातू जास्त असलेल्या द्रव्यातून बनला. तिसरी, आतलं वितळलेलं लोखंड भेगांतून वर येऊन पृष्ठभागावर पसरलं.

सोनं आणि किंमत. लोह-अशनींत सोनं टनामागे ग्रॅमभराच्या घरात असतं. 19 शून्यांचा तो आकडा संपूर्ण वस्तुमानाला धातूच्या बाजारभावाने गुणून आलाय. काढण्याचा, आणण्याचा खर्च शून्य धरून. इतका माल आला तर भावच उरणार नाही.

'नासा आणायला निघालंय.' यान 13 ऑक्टोबर 2023 ला सुटलं, 2029 मध्ये पोहोचणार. त्यावर ड्रिल नाही, नमुना घ्यायची सोय नाही. कॅमेरे, चुंबकत्वमापक, गॅमा किरण व न्यूट्रॉन मोजणारं उपकरण आहे, शिवाय रेडिओ लहरींवरून गुरुत्व मोजलं जाईल. थिजलेलं चुंबकत्व (वितळलेला धातू गोठताना त्यात टिकून राहिलेलं) मिळालं, तर गाभ्याच्या बाजूने मोठा पुरावा. निकेल फारच कमी निघालं, तर न वितळलेल्या आदिम द्रव्याकडे कल.