लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, पण कुठल्या ते बघून

नमस्कार सर,

नदी-समुद्र साफ करण्याच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या स्वयंसेवी गटांत अभियंत्यांनी शिरावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या लष्कराच्या भाकऱ्या आहेत, हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी यंत्रं बनवतात आणि ती पुढे गंजत पडतात, समुद्रातलं प्लास्टिक काढायला निघालेल्या 'ओशन क्लीनअप' संस्थेचा एवढा गाजावाजा झाला, शेवटी नळी मोडलीच ना, आणि मैलापाणी शुद्ध करणं हे महापालिकेचं काम असताना पोरांना कशाला जुंपता? मैलाशुद्धीकरण केंद्रात उभी हयात गेली, असंही तुम्ही लिहिलंत. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

फुकट मजुरीचा मुद्दा बरोबरच आहे. कंपनी पेटंट घेणार असेल तर पगार मागावा. आराखडे आणि मोजमापं सगळ्यांना खुली राहणार का, हे आधी लेखी विचारावं आणि उत्तर गुळमुळीत आलं की सरळ घरी यावं.

'ओशन क्लीनअप'चं उदाहरण मात्र तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. २०१४ साली बोयान स्लाट या डच तरुणाच्या या संस्थेने पाचशेहून जास्त पानांचा व्यवहार्यता अहवाल काढला. त्यामागे राबलेले बहुतेक लोक स्वयंसेवक होते. कल्पना अशी, की पॅसिफिकमध्ये शंभर किलोमीटर लांबीचा तरंगता अडसर समुद्रतळाशी नांगरून ठेवायचा, तोही सुमारे चार किलोमीटर खोलीवर. त्याच वर्षी किम मार्टिनी आणि मिरियम गोल्डस्टाइन या दोन समुद्रशास्त्रज्ञांनी अहवालाचं जाहीर तांत्रिक परीक्षण केलं. प्रवाहाचा आणि लाटांचा भार किती धरलाय, नांगर टिकतील का, अडसरावर शेवाळ आणि शिंपले चढले तर काय, पाण्यात तरंगणाऱ्या जिवांचं काय, असं मुद्दा मुद्दा धरून विचारलं. २०१७ मध्ये संस्थेने तळाला नांगरण्याची कल्पना सोडून दिली.

२०१८ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून जी निघाली ती सहाशे मीटरची मोकळी तरंगती नळी, खाली तीन मीटरचा पडदा. पकडलेलं प्लास्टिक तिच्यातून परत निसटू लागलं आणि वर्ष संपता संपता तिच्या टोकाचा अठरा मीटरचा तुकडा सुटला. तुम्ही म्हणता ती मोडलेली नळी हीच. पण तोवर संस्थेकडे पगारी अभियंते होते, पैसा होता. सुट्टीच्या दिवशी जमणाऱ्या हौशी मंडळींचं ते काम नव्हतं. पुढल्या वर्षी पॅराशूटसारखा समुद्री नांगर लावून वेग कमी केला, तेव्हा कुठे प्लास्टिक अडकून राहिलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कसदार काम म्हणजे बाहेर बसून केलेलं ते परीक्षण.

स्वयंसेवकांनी तेच करावं, असं माझं मत आहे. नवं यंत्र काढायच्या फंदात कमी पडावं. मोजावं आणि खोट काढावी. २०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानमध्ये 'सेफकास्ट' उभं राहिलं. या लोकांनी किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं स्वतः जुळवली, गाडीच्या खिडकीबाहेर अडकवली आणि दर पाच सेकंदांना आकडा व जागा नोंदवत रस्ते पालथे घातले. सगळी माहिती खुली. किरणोत्सर्गी माती उपसायचं काम त्यांचं नव्हतंच. कुठल्या रस्त्यावर किती आहे, हे मात्र कुणालाही बघता येऊ लागलं.

आता आपल्याकडचं. पाणी साफ करून देतो म्हणत नाल्यात जिवाणूंचं द्रावण सोडणारे, तरंगत्या वाफ्यांवर कर्दळ लावणारे विक्रेते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. प्रात्यक्षिक दुपारी तीनला, मीटर पाण्यात, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सहा मिलिग्रॅम, टाळ्या! उन्हात हिरवं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी आकडा चढतोच. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात आणि पहाटे, उजाडण्याआधी, आकडा तळाला जातो. मासे मरतात तेही बहुधा त्याच सुमारास. चोवीस तासांची नोंद मागितली की विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बीओडीचंही, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या आकड्याचंही, तसंच. एकाने पाच दिवस २० अंशांवर मोजायचा, दुसऱ्याने भारतीय पद्धतीने तीन दिवस २७ अंशांवर, आणि मग दोन्ही आकडे एकाच तक्त्यात. हे पकडायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, बाटल्या लागतात आणि पहाटे उठणारी माणसं.

महापालिकेची जबाबदारी कुणी अंगावर घ्यावी असं मी म्हणतच नाही. पुण्याच्या 'जायका' प्रकल्पात, म्हणजे जपानी अर्थसाहाय्याच्या नदी-शुद्धीकरण योजनेत, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता धरली आहे. कर्दळीचे वाफे त्याला पर्याय नाहीत, आणि कुणी तसं सुचवत असेल तर त्या गटात जाऊ नये. पण केंद्र बांधलं म्हणजे ते चाललं असं नाही. वीज गेली, पंप थांबला, की मैलापाणी बगल देऊन नाल्यात जातं, हे तुमच्याइतकं कोण जाणतं? तारीख-वेळेसह पाण्याची नोंद कुणाकडे असेल तर महापालिकेची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती टाळणं तिला अवघड जातं.

आणि इथे तुमची गरज आहे. मुलांना सेन्सर जोडता येतात, पण तो खरं बोलतोय का हे विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजून, ताडून बघायला येत नाही. बाटलीत बुडबुडा राहू न देता नमुना भरणं, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ऑक्सिजन बांधणं, थायोसल्फेटने अनुमापन करणं, हे हाताला वळण असल्याशिवाय जमत नाही. अझाइड विषारी, हातमोजे घालायला सांगणारं कुणीतरी वडीलधारं तिथे हवंच. शिवाय चाचणीनंतरचं उरलेलं द्रव मोरीत ओतलं की ते फिरून नदीतच जाणार. तुमच्या ओळखीत ते घेणारी एखादी प्रयोगशाळा असेल तर कळवा, बाकीच्या मतभेदांवर सावकाश भांडू.