पाठराखण

भरतकामातलं सुख शेवटच्या टाक्यापाशी संपतं. अबोलीची फांती उमललेली असते, पानं हिरवीगार दिसत असतात, घरातल्यांनी चहाचा कप न ठेवता का होईना, "वा" म्हटलेलं असतं. मग कापड ताणून धरणारी रिंग, जी नंतर चौकटीसारखी तशीच भिंतीवर टांगायची असते, उलटी करायची. मागे दोऱ्यांची पळापळ अशी, की संध्याकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर पाच गावांच्या गाड्या एकदम लागल्या असाव्यात. केशरी दोरा हिरव्याला ओलांडून गेलेला, गाठींच्या शेपट्या लोंबताहेत. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर आळसाने ओढून नेलेला गडद धागा पांढऱ्या कापडातून पुढच्या बाजूलाही सावलीसारखा डोकावतोय.

"भिंतीकडची बाजू कोण बघतंय?" हा प्रश्न आमच्याकडे नेमाने येतो, आणि तो विचारणाऱ्याने जन्मात सुई धरलेली नसते. त्याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं हवामानाचं. पावसाळा लागला की चिऱ्याच्या भिंतीला ओल सुटते, आणि उघडं सुती कापड तिला टेकलं की त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. रिंगेचा पेच लोखंडी असला तर तोही गंजून आपली खूण कापडावर ठेवतो.

दुसरं उत्तर मावशी.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, धारवाडला दिलेली. लहानपणापासून हात कसूतीत. इरकल साडीवर करतात ती कसूती. कापडावर नक्षी छापायची नाही, आडवे-उभे धागे मोजत सुई चालवायची. त्यातले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, आणि गाठ मारायची सोयच नाही. गवंतीत एकाआड एक टाका घालत जायचं आणि परतताना मोकळ्या जागा भरायच्या, की मागे काही उरतच नाही. अशा बाई दर चवथीला घाट उतरून येतात. आल्या की गणपतीला नमस्कार, माटोळीतल्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या मांडवीतल्या, फळांची उलटतपासणी, आणि मग भिंतीवरची रिंग खिळ्यावरून काढून उलटी. गाठ दिसली की विचारतात, "ही कोणी मारली?" घरात सुई धरणारी मी एकटी.

तर पाठ झाकायची. ही परंपरा काही आजची नाही. जुन्या गोव्यात 1627 साली बांधून पुरा झालेला सांता मोनिकाचा मठ आहे, तिथे आता ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे. पाद्र्यांचे जरीने भरलेले झगे बघताना लोक कलाबतूवर खूश होतात. मी काचेच्या बाजूने वाकून कड बघत होते आणि रखवालदार मला बघत होता. असल्या झग्यांना आतून अस्तर असतं. अस्तराखाली काय गोंधळ असेल तो देवाला ठाऊक, आणि त्याने आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

शिकवणारे व्हिडिओ पानाच्या एकेका टाक्यावर निवांत रेंगाळतात आणि मागच्या बाजूवर आले की पळत सुटतात. वर संगीत. प्रत्यक्षात काम असं असतं. आधी पेच आवळायचा. पेच बरोबर डोक्यावर हवा, नाहीतर फांती डावीकडे कलते; आणि सरळ करायला गेलं की ताणलेलं कापड सुटतं. मग रिंगेबाहेर दीड इंच कापड ठेवून बाकीचं गोल कापायचं. त्या दीड इंचात, कडेपासून अर्धा इंच आत, दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालायचा. इथे भरतकामाच्या 6 पदरी दोऱ्यातले दोन पदर काढून काटकसर करू नये. बटणं लावायचा जाड दोरा घ्यावा. कारण पुढची पायरी दोरा ओढायची. कापड हळूहळू चुण्या घेत मधोमध गोळा होतं, थैलीचं तोंड आवळावं तसं, आणि माणसाला वाटतं आता झालंच. नेमका तेव्हा दोरा तुटतो. दोन्ही हात अडकलेले, दोरा दातांत, आणि दारात पाव विकणारा पोदेर हॉर्न वाजवतोय.

वर फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारख्या कापडाची, चकती. फेल्ट ए-4 आकारात मिळतं, आणि त्यात 6 इंचाची दोन वर्तुळं सरळ रेषेत बसत नाहीत. तिरकी ठेवली तर जेमतेम बसतात. हा शोध लागला तेव्हा भूमितीच्या बाईंची फार आठवण आली. वर्तुळ रिंगेच्या आतल्या कड्याभोवती आखायचं आणि रेषेच्या किंचित आतून कापायचं, म्हणजे पुढून कड दिसत नाही. मग चुण्यांच्या कापडाला सुईने वेढे घालत जोडायचं. वेढे सारख्या अंतरावर पडले तर फारच देखणं दिसतं. माझे सुरुवातीला पडतात, शेवटी स्वयंपाकाची वेळ झालेली असते.

लोक म्हणतात, गोंदाची बंदूक घे, दोन मिनिटांचं काम. मला गोंद पसंत नाही. एक तर त्याने कायमचं चिकटलेलं कापड पुन्हा धुवायला सोडवता येत नाही. दुसरं, ती बंदूक विजेवर तापते आणि आमच्याकडे पावसात करंट कधी जाईल याचा नेम नाही. अर्धी चकती चिकटलेली आणि अर्धी हवेत, असा काळोखात बसून मी करंटवाल्यांना फोन लावण्याचा विचार केलेला आहे.

या चवथीला रिंग तयार होती. राखाडी फेल्ट, भोवती नीट वेढे. मावशींनी शिरस्त्याप्रमाणे उलटी केली, चष्मा नाकावर सरकवला, अंगठ्याने कड चाचपली.

"छान झाकलंस की गं," त्या म्हणाल्या. "आत काय दडवलंयस?"

आणि सासूबाईंकडे वळून, "अक्का, बारीक कात्री कुठे ठेवतेस?"

मी पातोळ्या उकडायच्या राहिल्यात म्हणून स्वयंपाकघरात पळाले, रिंग काखेत मारून. हल्ली ती आमच्या खोलीत कपाटाच्या आतल्या बाजूला टांगलेली असते. फक्त चवथीला पाहुण्यांच्या बॅगा त्याच कपाटात जातात, त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.