चाकाचा लॉक नट कायमचा अडकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गाडीला हौसेने अलॉय व्हील बसवून घेतलेल्या प्रत्येक सोलापूरकराने दर चाकाला एक लॉक नट जरूर बसवून घ्यावा, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. साधा षटकोनी नट कोणाच्याही पान्याने निघतो. लॉक नट मात्र बाहेरून गुळगुळीत गोल असतो, त्याच्या तोंडावर फुलाच्या पाकळ्यांसारखी नागमोडी खाच असते आणि त्या खाचेत नेमकी बसणारी किल्ली लावल्याखेरीज तो जागचा हलत नाही. गेल्या शनिवारी अक्कलकोटहून परतताना वळसंगजवळ माझ्या गाडीचे मागचे डावे चाक पंक्चर झाले, तेव्हा या व्यवस्थेच्या भक्कमपणाची मला खात्री पटली. चारांपैकी तीन नट पाच मिनिटांत निघाले आणि चौथ्याने पावणेचार तास दाद दिली नाही. त्या जागी चोर असता तर कंटाळून निघून गेला असता. पण तिथे मी होतो, सासूबाई होत्या आणि पारा 43 वर होता.

हा अनुभव आपल्यालाही यावा, म्हणून काही सूचना देत आहे.

लॉक नटाची किल्ली गाडीत आहे की नाही, हे घरातून निघताना कधीही पाहू नये.

किल्लीसोबत तिचा क्रमांक छापलेले छोटे कार्ड मिळते आणि त्या क्रमांकावरून दुसरी किल्ली मागवता येते. सबब ते कार्ड पहिल्याच दिवशी वेष्टनासह कचऱ्यात टाकावे.

गाडी जॅकवर पूर्ण उचलून झाल्यावरच नट ढिले करायला घ्यावेत, म्हणजे पान्याबरोबर चाकही फिरत राहते आणि व्यायाम होतो. बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस फासावे. त्यामुळे हात तेवढाच जोर लावतो आणि नट मात्र ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक ताणून बसतो.

पण हे किरकोळ उपाय झाले. नट खऱ्या अर्थाने अमर करायचा असेल, तर गाडी सर्व्हिसिंगला द्यावी, ती हवेच्या गनच्या, म्हणजे दाबाच्या हवेवर नट आवळणाऱ्या यंत्राच्या, स्वाधीन करावी आणि आपण आत गारव्याला बसून चहा घ्यावा. नट किती आवळावा याचा आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. छोट्या गाडीला तो बहुधा 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 20 किलोचे वजन टांगावे इतका जोर. हा जोर मोजून लावण्यासाठी टॉर्क पाना नावाची वस्तू मिळते. माझी गाडी जिथे गेली होती तिथे ती होतीही; काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसह, आणि कपाटाला कुलूप. गनला असल्या मोजमापाची गरज नसते. ती 300-400 न्यूटन-मीटरचा जोर सहज लावते आणि तोही असा, की नटावर एकामागून एक घाव बसत राहतात. साध्या नटाच्या सहा सपाट बाजू हा मार सोसतात. लॉक नटाची खाच जेमतेम काही मिलिमीटर खोल. किल्ली जराशी तिरकी धरली की सगळा मार खाचेच्या आणि किल्लीच्या कडांवर येतो. माझ्या बाबतीत नटाच्या पाकळ्या बोथट झाल्या, किल्लीचे दोन उंचवटे झिजून सपाट झाले, किल्ली तिथेच राहिली आणि गाडी ‘ओके’ असा शेरा मारलेल्या कागदासह मला परत मिळाली. त्या कागदावर टायरना काळे पॉलिश लावल्याचे पैसे वेगळे मांडले होते. टायर चमकत होते, हे मान्य केलेच पाहिजे. वळसंगला उन्हात त्यांच्याकडे टक लावून बघत बसण्याइतका वेळ मला नंतर मिळाला.

पंक्चरवाल्याने त्या नटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ह्ये माणसानं न्हाई आवळलं सर, गननं आवळलंय.” मी सर्व्हिसवाल्यांना फोन केला. “डिकीत बघा सर, स्टेपनीच्या खाली असेल,” असे उत्तर आले. सामान उतरवून, स्टेपनी काढून पाहिली. दुसऱ्या फोनला “डॅशबोर्डच्या कप्प्यात बघा” असे सांगण्यात आले. तिसऱ्या फोनला, पाच मिनिटे गाणे ऐकवल्यानंतर, “हो, इथंच राहिलीय वाटतं” एवढे कळले. ‘वाटतं’ या शब्दाच्या भरवशावर माझा मेहुणा मोटारसायकल घेऊन सोलापुरातून किल्ली आणायला निघाला. तोवर सासूबाईंनी लिंबाच्या सावलीत बसून अक्कलकोटचा प्रसाद सगळ्यांना वाटला, नटाचे काम पाहायला थांबलेल्या दोन अनोळखी माणसांनाही.

किल्ली आली आणि घसरली. त्या पंक्चरवाल्याने जे केले ते मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो, कारण ते बरोबर होते. त्याने दाभणाने खाचेतली माती उकरून काढली, उरलेले तीन नट पुन्हा बसवून हाताने आवळले, जेणेकरून चौथ्यावरचा ताण कमी व्हावा, किल्ली हातोडीने हलके ठोकून आत बसवली आणि पान्याला लोखंडी पाइप जोडून, हिसका न देता, सावकाश जोर दिला. किल्ली पुन्हा घसरली. मग त्याने जरा लहान मापाची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पान्याचा तुकडा, नटावर ठोकून बसवली. तेव्हा कळले, की या नटाला बाहेरून एक सुटे कडे असते, ते नुसतेच गरगर फिरते आणि आतला नट तसाच राहतो. (ज्याने ही युक्ती शोधली, त्याची गाडी कधी पंक्चर झाली नसावी.) कोणी गॅसची ज्योत लावायला सुचवले. तो सल्ला आपणही जरूर घ्यावा. नट निघो अथवा न निघो, अलॉयचा रंग आणि हबच्या बेअरिंगमधले ग्रीस हमखास जाते. शेवटी वेल्डर आला. बॅटरीची तार सोडवली, अलॉयवर ओली फडकी बांधली, लॉक नटाच्या तोंडावर एक जुना साधा नट वेल्ड केला, तो निवू दिला आणि त्याला पाना लावला. कर्रर्र असा आवाज होऊन नट निघाला, येताना स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आटेदार दांड्याचे, आटे घेऊन आला.

म्हणजे चाकाचा एक स्टड गेला, अलॉयवर ओरखडे पडले, वेल्डरचे पैसे झाले, चार माणसांची दुपार गेली. आणि हे सगळे कशामुळे? अहो, गनने नट नुसता टेकेपर्यंत फिरवा आणि शेवटचे आवळणे हाताने करा, एवढेच तर करायचे आहे. चार चाकांचे 16 नट, एका नटाला पाच सेकंद धरले तरी दीड मिनिटसुद्धा होत नाही. टायरला पॉलिश लावायला तुमच्याकडे दहा मिनिटे असतात आणि ज्या नटावर चाक उभे आहे त्याला दीड मिनिट नसते? गन चालवणाऱ्या मुलाला मी बोल लावणार नाही. त्याला कोणी शिकवले नाही आणि टॉर्क पान्याच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती कोणी दिली नाही. बोल लावायचा तो ते कपाट गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी भिंतीवर टांगणाऱ्या मालकाला. लाज वाटली पाहिजे. आज माझे चाक निघाले नाही. उद्या याच निष्काळजीपणाने कोणाचा तरी नट ढिला राहील आणि धावत्या गाडीचे चाक निघून जाईल, तेव्हाही तुम्ही गाणेच ऐकवणार आहात का?

आणि किल्ल्या परत द्या. माझा मेहुणा काउंटरवर गेला, तेव्हा तिथल्या माणसाने खण उघडून लॉक नटांच्या सात किल्ल्या त्याच्यासमोर ओतल्या आणि विचारले, “यातली तुमची कुठली?” उरलेल्या सहा कोणत्या गाड्यांच्या आहेत ते आजच्या आज शोधा आणि त्या लोकांना फोन करा.